उशिराचं कारण

आमचे अण्णा मालगाडीवर गार्ड होते. सोलापूर स्टेशनाच्या मागच्या अंगाला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही राहायचो. भिंती दगडी, वर मातीचं माळवद. अण्णा ड्यूटीवर जाताना पत्र्याची काळी पेटी, गुंडाळलेली लाल-हिरवी निशाणं आणि कंदील घेऊन निघायचे, ते कधी दीड दिवसानं तर कधी दोन दिवसांनी परत यायचे. मालगाडीचं काही खरं नसायचं. डाकगाडी यायची असली की मालगाडीला कुठल्यातरी आडस्टेशनात बाजूच्या रुळावर घालायचे, आणि मग ती तासन् तास तिथंच. त्यामुळे घर आणि आम्ही दोघं भावंडं, दोन्ही आईच्या अंगावर होतं.

आई अक्कलकोटकडची. तिच्या माहेरी कानडी बोलायचे. आमच्याशी ती मराठी बोलायची, पण राग आला की तिचं मराठी संपायचं. मी सात वर्षांची असताना गावात मार्शल लॉ लागला होता. रस्त्यावर गोऱ्या सोल्जरांचा पहारा, दिवेलागणीनंतर बाहेर पडायची बंदी, आणि अण्णा नेमके लांबच्या स्टेशनात अडकलेले. त्या दिवसांत आई घटकाघटकाला आम्हाला हाका मारून दोघं घरात आहोत ना, हे बघायची. ते दिवस सरले, पण सवय गेली नाही. "कुटं चाललास?" आणि "किती वाजता येशील?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तिनं दादाला उंबरा ओलांडू दिला नाही.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. चौदा वर्षांचा होईपर्यंत तो या प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचा. पंधरावं लागलं आणि त्याचं काहीतरी बिनसलं. आईनं विचारलं की तो म्हणायचा, "जातोय कुठंतरी." जेवायला बसला की ताटाकडे न बघता जेवायचा. मी त्याच्या दप्तराला हात लावला म्हणून एकदा त्यानं माझी वेणी इतक्या जोरात ओढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या काकूंनी दोन शब्द सुनावले तर त्यांना तो म्हणाला, "तुम्ही तुमचं बघा." आमच्या घरात मोठ्या माणसाला असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आईलाही ते नवीन होतं. तिनं काकूंची माफी मागितली आणि घरात येऊन बराच वेळ नुसती बसून राहिली.

मग शाळेतून चिठ्ठी आली. शाळेचा शिपाई घेऊन आला, तेव्हा अण्णा घरीच होते, अंघोळ करून नुकते पाटावर बसले होते. मुलगा दोन महिन्यांत सतरा दिवस गैरहजर आहे, आणि प्रत्येक वेळी आपल्या सहीचा रजेचा अर्ज आला आहे, तरी एकदा समक्ष भेटावं, असा मजकूर होता. सोबत एक अर्ज नमुन्यादाखल जोडला होता. अण्णांनी तो उजेडाकडे धरून बघितला.

"सही चांगली केलीय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा वळणदार आहे."

दादा दारात उभा होता. त्याला वाटलं असावं, आता छडी निघणार. मलाही तसंच वाटलं. पण अण्णांनी कधी आमच्यावर हात टाकला नव्हता आणि त्या दिवशीही टाकला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "सतरा दिवस कुठं होतास?"

दादानं उत्तर दिलं नाही. तीनदा विचारलं, तीनदा दिलं नाही.

अण्णांना जगात एकच गोष्ट नीट जमायची, ती म्हणजे गाडीची नोंद ठेवणं. गार्डाला प्रत्येक फेरीची वही भरावी लागे. स्टेशनाचं नाव, पोचल्याची वेळ, सुटल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कोरी वही घेतली, पट्टीनं रेघा मारल्या आणि तेच चार रकाने दादासाठी आखले. स्टेशनाच्या जागी "ठिकाण" लिहिलं, एवढाच फरक.

"रोज भरायची," ते म्हणाले. "मी आलो की तपासणार. कारण नसलं तर 'कारण नाही' असं लिही, पण रकाना मोकळा ठेवू नको."

दादानं वही घेतली. आणि गंमत अशी, की ती तो मन लावून भरू लागला. घर, सुटलो साडेदहा. शाळा, पोचलो दहा मिनिटं कमी अकरा. परत येताना उशीर, कारण नवी पेठेत बैलगाडी उलटली होती. दुसऱ्या दिवशी कारण, मास्तरांनी फळा पुसायला थांबवलं. तिसऱ्या दिवशी लग्नाची वरात आडवी आली. अक्षर सुवाच्य, वेळा मिनिटापर्यंत. अण्णा आले की वाचायचे, खाली सही करायचे. आईला मात्र त्या वहीचा भरवसा नव्हता. लग्नाचा मुहूर्तच नसलेल्या महिन्यात वरात कुठून आली, हे तिनं लगेच हेरलं. पण ती त्याला काही बोलली नाही. तिनं मला न्हाणीजवळ बोलावलं.

"तुझी शाळा त्याच वाटेवर हाय की," ती हळू आवाजात म्हणाली. "चार पावलं मागनं जा. काय दिसतंय ते मला येऊन सांग. त्याला कळू देऊ नको."

मी अकरा वर्षांची होते. मला ते काम फार महत्त्वाचं वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी मागून गेले, दोन्ही दिवस तो नीट शाळेच्या फाटकातून आत गेला. तिसऱ्या दिवशी शाळेच्या आधीच्या वळणावर तो उजवीकडे वळला, स्टेशनाकडे परत, आणि टांग्याच्या अड्ड्यामागच्या बोळात शिरला. मी मागोमाग गेले. बोळाच्या टोकाला घोड्यांचा तबेला होता. त्याला लागून बसकं घर, आणि घराच्या माळवदावर लाकडी फळ्यांची, जाळी लावलेली मोठी ढाबळ. शेजारी उंच काठीवर बांबूची चौकट बांधलेली, तिला ते लोक छत्री म्हणायचे. त्या छत्रीवर दहा-बारा कबुतरं बसली होती. दादा माळवदावर उभा होता. टोपी काढून ठेवलेली, दप्तर कोपऱ्यात. त्यानं काठीला फडकं बांधून ती हलवली आणि सगळा थवा एकदम वर गेला. इतका वर, की ठिपकेही दिसेनात. तो मान मागे टाकून बघत राहिला. त्याचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी असा बघत होते. घरात तो चेहरा यायचाच नाही.

त्यानं खाली बघितलं आणि मी दिसले. मला वाटलं, आता हा मारणार. पण तो जिना उतरून आला आणि म्हणाला, "आवाज करू नको. वर ये."

वर गेल्यावर त्यानं एक राखाडी कबुतर काढून माझ्या हातात दिलं. पंख कसे दाबून धरायचे, पाय बोटांत कसे घ्यायचे ते दाखवलं. ते गरम होतं आणि त्याची छाती माझ्या तळहातावर धडधडत होती. दादा सांगत होता, हे गिरेबाज जातीचं आहे, दिवसभर उडेल, आणि कोसांवर नेऊन सोडलं तरी घरी येईल.

"घर कसं सापडतं त्याला?" मी विचारलं.

"तेच तर कुणाला माहीत नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी मी घरी येऊन आईला सांगितलं, "शाळेत गेला." आईनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, असं मला वाटलं. पण तिनं मला गूळ-शेंगदाणे दिले, आणि ते मी तिच्याकडे पाठ करून खाल्ले.

कबुतरं एका म्हाताऱ्या टांगेवाल्याची होती. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. पांढरी दाढी, अंगात जाकीट, बोलणं गावातलं दखनी. सकाळी गाड्यांच्या वेळेला तो टांगा घेऊन जायचा आणि दुपारी परत यायचा. मधल्या वेळात दादा ढाबळ झाडायचा, पाणी भरायचा, दाणे घालायचा. सांगायला हरकत नाही की पुढचे पंधरा-वीस दिवस मीही त्यात सामील होते. माझी शाळा उशिरा भरायची, म्हणून मी आधी तिथं जायचे. आणि दादानं सांगितलं म्हणून परकराच्या ओच्यातून घरची ज्वारी न्यायचे.

आमच्या घरात ज्वारी एका मोठ्या कणगीत असायची. आई रोज दळणापुरती ज्वारी काढली की वरची रास हातानं सारखी करायची आणि मधोमध पंजाचा ठसा उमटवून ठेवायची. उंदीर असो की माणूस, कुणी हात घातला तर ठसा मोडणार. दादा आधीपासून ज्वारी नेत होता तेव्हा तो ठसा मोडून पुन्हा स्वतःच्या हातानं उमटवायचा. त्याचा पंजा आईएवढाच होता. ते काम माझ्याकडे आलं तेव्हा मीही तसंच केलं. ज्वारी ओच्यात घेतली, रास सारखी केली, आणि पंजा दाबला.

चार दिवसांनी आईनं मला कणगीपाशी नेलं. तिनं माझा हात धरला आणि त्या ठशावर ठेवला. बोटाला बोट बसलं. मग माझा हात उचलून तिनं त्याच्याशेजारी स्वतःचा दाबला. दोन ठसे शेजारी शेजारी, एक मोठा, एक लहान.

"आता सांग," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. शाळा, ढाबळ, ज्वारी, आणि मी तिच्याशी किती दिवस खोटं बोलले तेही. सांगताना रडले, पण सांगून झाल्यावर अंग हलकं झालं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. तिला राग आला होता, ते तिच्या नाकावरून दिसत होतं, पण ती मला एवढंच म्हणाली, "तुला मी चुकीचं काम सांगितलं. बहिणीला भावाच्या मागं लावू नये."

मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मला वाट दाखवायला सांगितलं.

आई त्या बोळात कधीच गेली नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा चाचा घोड्याला खरारा करत होता. बाई माणूस आलेलं बघून तो लगबगीनं उठला, बाज पुढं ओढली आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला. अण्णांना तो ओळखत होता. स्टेशनावरच्या सगळ्या गार्डांना तो ओळखायचा.

"गार्डसाब के घर से?" त्यानं विचारलं. "बैठो बाई."

आई बसली नाही. तिनं विचारलं, "माझा मुलगा रोज इथं असतो?"

"हां. लई गुणी पोरगा हाय," चाचा तिच्यासाठी मराठीत आला. "सकाळची शाळा सुटली की येतो."

"त्याची शाळा सकाळची न्हाई. अकरा वाजता भरते."

चाचानं वर माळवदाकडे बघितलं. दादा वरच उभा होता आणि सगळं ऐकत होता. चाचानं त्याला हाक मारून खाली बोलावलं. "तू तो बोल्या था इस्कूल सुबू का है," तो म्हणाला. चाचानं दादाच्या हातातली काठी काढून घेतली. ओढून नाही, हळूच. "मैंने पूछा था ना तेरेकू? दो बार पूछा था." म्हणजे त्या म्हाताऱ्यालाही शंका आली होती, त्यानंही विचारलं होतं, आणि दादानं त्यालाही फसवलं होतं. मला वाटतं, दादाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

आई कानडीत एकच वाक्य बोलली, "सुळ्ळ हेळब्याड." खोटं बोलू नको. तेही त्या दिवशी ओरडून नाही, दमल्यासारखं. चाचाला कानडी थोडं कळायचं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही हो म्हटल्याबगर ये पोरगा हितं पाय ठेवणार न्हाई. माझी जबान."

घरी आल्यावर दादानं अण्णांनी आखून दिलेली वही टराटरा फाडली. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेला, परत आला, पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजला. मी दोनदा जाऊन जवळ बसले. पहिल्यांदा तो म्हणाला, "चहाडखोर." दुसऱ्यांदा काही म्हणाला नाही, पण मला हाकललंही नाही.

अण्णा तिसऱ्या दिवशी सकाळी आले. आईनं त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं, फाटलेली वहीही दाखवली. अण्णा पानं जुळवून वाचत बसले. ती उलटलेली बैलगाडी, ती वरात.

"हे सगळं खोटं?" त्यांनी दादाला विचारलं.

"वेळा खऱ्या आहेत," दादा म्हणाला. "ठिकाणं खोटी."

अण्णा जरा हसले असावेत, कारण त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी जे विचारलं त्याची आमच्यापैकी कुणालाच अपेक्षा नव्हती. "कबुतरं परत येतात म्हणे. किती लांबून?"

दादा उठून बसला. आधी तुटक बोलला, मग बोलतच सुटला. गिरेबाज कसं ओळखायचं, बुबुळाचा रंग बघून वय कसं सांगायचं, नर-मादीची जोडी असली तर एकाला घरी ठेवून दुसऱ्याला लांब नेलं की ते जास्त ओढीनं येतं, चाचानं एकदा होटगीहून सोडलेलं कबुतर टांगा परत यायच्या आत आलं होतं. पण चाचाला टांगा सोडून लांब जाता येत नाही, म्हणून त्याहून पुढचं अजून कुणी करून बघितलेलं नाही. आई भाकरी थापता थापता थांबली होती आणि तवा तापून धूर यायला लागला होता. घरात तो इतका बोललेला आम्ही सहा महिन्यांत ऐकला नव्हता.

अण्णांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "माझी गाडी पाकणी, मोहोळ, माढा, सगळीकडे थांबते. दोन कबुतरं मी नेतो."

दादाला ते खरं वाटेना.

"पण रविवारीच," अण्णा म्हणाले. "शाळेच्या दिवशी नाही. कुठं सोडलं आणि किती वाजता, ते मी लिहीन. घरी किती वाजता आलं, ते तू लिही. मी आलो की दोन्ही वह्या ताडून बघू. माझी वेळ मी खरी लिहितो. तुझी खोटी असेल तर सगळी मेहनत पाण्यात गेली, तुझ्या पाखरांचीसुद्धा."

आई म्हणाली, "त्याला बक्षीस देताय होय?"

"अगं, तो कुठं जातो हे आपण आजवर विचारत होतो," अण्णा म्हणाले. "कशासाठी जातो ते विचारलंच नाही."

आईला ते पटलं असं काही नाही. तिनं आपल्या अटी घातल्या. घरची ज्वारी विचारून न्यायची, शेजारच्या काकूंकडे जाऊन चुकलो म्हणायचं, आणि चाचाकडे जाण्याआधी शाळेच्या मास्तरांना भेटायचं. दादानं तिन्ही गोष्टी केल्या. काकूंकडे जायला त्याला सगळ्यात जड गेलं.

अण्णा नियमाचे पक्के. ब्रेकव्हॅनमध्ये गुपचूप टोपली ठेवणं त्यांना पटेना. त्यांनी स्टेशनमास्तरांची लेखी परवानगी घेतली आणि टोपली पार्सल ऑफिसात रीतसर नोंदवली. फॉर्म दादाला भरायला लावला. "मालाचे वर्णन" या रकान्यात दादानं "जिवंत कबुतरे, नग दोन" असं लिहिलं, आणि पार्सल क्लार्क ते वाचून इतका हसला की त्यानं चहावाल्याला बोलावून तो कागद दाखवला.

पहिल्या रविवारी पाकणीहून सोडली. दादा आणि मी चाचाच्या माळवदावर, आई आमच्या माळवदावर. तिथून चाचाची ती छत्री स्पष्ट दिसायची. इतकी वर्षं ती दिसत होती, पण ती काय आहे हे आईला ठाऊक नव्हतं. आमच्याजवळ घरचं गजराचं घड्याळ होतं. चाचा टांगा घेऊन गेलाच नव्हता, हुक्का घेऊन बसला होता आणि म्हणत होता, "आयेंगे, आयेंगे." पहिलं पाखरू छत्रीवर उतरलं तेव्हा दादाच्या हातून पेन्सिल खाली पडली. मीच वेळ वाचली, त्यानं ती लिहिली. सोमवारी अण्णा आले आणि दोघं वह्या घेऊन बसले. वीस मिनिटं. अण्णांना ते खरं वाटेना, त्यांनी वजाबाकी पुन्हा केली.

मग मोहोळ झालं, माढा झालं. दादाचं वागणं एकदम सुधारलं असं मी म्हणणार नाही. तो तिरसट होता तो होताच, आणि गणिताचा तास त्यानं पुन्हा चुकवला. पण त्या दिवशी त्यानं शेवटच्या रकान्यात लिहिलं, "गणित येत नाही म्हणून वर्गात गेलो नाही. तळ्यावर बसलो होतो." अण्णांनी ते वाचलं, नेहमीसारखी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी होती तर जेवणानंतर पाटी घेऊन त्याच्याजवळ बसले. पाकणीहून निघालेलं कबुतर ताशी किती मैलांनी आलं, इथून त्यांनी सुरुवात केली. अण्णांचं शिकवणं फार चांगलं नव्हतं. त्यांना लवकर झोप यायची. पण दादा तास चुकवेनासा झाला.

थंडी सुरू झाल्यावर दादानं केमचा हट्ट धरला. केम म्हणजे कुर्डुवाडीच्याही पुढं. चाचा नको म्हणत होता. "बच्चे है अभी," तो म्हणाला. अण्णाही का-कू करत होते, पण शेवटी त्यांनी चार पाखरं नेली. गाडी पहाटे केमला पोचायची होती. उजाडल्यावर सोडतो, म्हणाले.

दहा वाजता एक आलं. पावणेअकराला दुसरं. साडेबाराला तिसरं, एक पंख ओढत. चौथं आलंच नाही. ते तेच राखाडी होतं, जे दादानं पहिल्या दिवशी माझ्या हातात दिलं होतं. दादा चाचाच्या माळवदावरून दिवस मावळेपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेला, परत आला तो सरळ आमच्या माळवदावर चढला. आई त्याच्यासाठी भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन वर गेली. मीही गेले. ती त्याच्याशेजारी बसली आणि दोघं वायव्येकडे बघत राहिले.

"वाटेत ससाणा असतो," दादा म्हणाला. "वारा असतो. वाट चुकतं."

"असतं," आई म्हणाली. "कुठंतरी दाणे टिपत असंल. जेव."

तो जेवला. जेवताना रडला, आणि आईनं ते बघितलं नाही असं दाखवलं. पंधरा वर्षांच्या मुलाला आपलं रडणं कुणी बघू नये असं वाटतं, हे तिला कसं कळलं, कोण जाणे. तिला भाऊ नव्हता.

अण्णा आले तेव्हा दादानं त्यांच्यापुढं वही ठेवली. तीन पाखरांच्या वेळा, आणि चौथ्या ओळीत नुसती रेघ. अण्णांनी आपली वही उघडली. त्यात त्यांनी लिहिलं होतं, केम, सात वाजून दहा मिनिटं, वारा पूर्वेचा, जोराचा.

"वारा समोरून होता," ते म्हणाले. "सोडायला नको होती. मी बघत होतो तरी सोडली, कारण तू वाट बघत असशील असं वाटलं. चूक माझी आहे."

आमच्या वेळी वडील मुलाला असं म्हणत नसत. दादानं अण्णांच्या वहीकडे बघितलं आणि म्हणाला, "माढ्यापर्यंतच नेत जाऊ."

त्यानंतर त्या लाइनीवरच्या हमालांना, पॉइंटमनना अण्णा महिनाभर विचारत राहिले, पायात तांब्याची कडी असलेलं राखाडी पाखरू कुणी बघितलं का. कुणी बघितलं नव्हतं. माढ्याच्या एका हमालानं आपल्या घरचं पांढरं पिल्लू टोपलीत घालून पाठवलं. ते लक्का निघालं, उडायला अगदी निकामी, नुसतं शेपूट फुलवून नाचायचं. ते आम्ही घरीच ठेवलं आणि आईनं त्याला फार लाडावून ठेवलं.

दादा मॅट्रिकला एकदा नापास झाला, गणितातच. दुसऱ्यांदा पास झाला. निकालाच्या दिवशी आईनं चाचाकडे पुरणपोळ्या पाठवल्या, आणि चाचानं त्याला टांग्यात बसवून, घोड्याला तुरा लावून, सबंध स्टेशन रोडनं फिरवलं. दादा लाजून टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. पुढं तो रेल्वेतच तारबाबू म्हणून चिकटला. लांबच्या एका लहानशा स्टेशनात त्याची नेमणूक झाली, जिथं दिवसातून दोनच पॅसेंजर थांबायच्या.

त्या दिवाळीत त्याला रजा मिळाली नाही, म्हणून आई आणि मी त्याच्याकडे गेलो. आम्हाला घ्यायला तो फलाटावर आला होता, अंगात नवा कोट. क्वार्टरची एकच खोली, तीही त्यानं शेणानं सारवून घेतली होती. आमच्यासाठी त्यानं स्वतः पिठलं आणि भात केला होता. पिठल्यात गुठळ्या होत्या आणि मीठ फार पडलं होतं. आईनं दोनदा वाढून घेतलं. जेवण होतंय न होतंय तोच तारेचं यंत्र कट्कट् वाजायला लागलं, आणि दादा हात धुऊन पळाला. आईनं खरकटं काढलं, दारात येऊन बसली, आणि त्या ओसाड फलाटाकडे बघत मला म्हणाली, "बरं हाय की इथं. मोकळं हाय."